हरवलेले पार्टिशन

घरच्या संगणकावर ‘डी’ ड्राइव्ह अकस्मात दिसेनासा झाला, अथवा विंडोज ‘वापरण्यापूर्वी डिस्क फॉरमॅट करा’ अशी सूचना देऊ लागले, तर ती सूचना सर्वस्वी अमान्य करावी. कारण पुष्कळदा मजकूर जागच्या जागी शाबूत असतो आणि बिघडलेली असते ती केवळ पार्टिशनच्या हद्दींची नोंद. सातबारा गहाळ झाला म्हणून शेत नाहीसे होत नाही.

जुन्या एमबीआर पद्धतीत ही नोंद डिस्कच्या अगदी पहिल्या, ५१२ बाइटांच्या सेक्टरात असते व तीत १६ बाइटांच्या चारच नोंदी मावतात. जीपीटी पद्धतीत मात्र या नोंदींच्या तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अखेरीस जतन केलेली असते, आणि ही तरतूद मला फार दूरदर्शीपणाची वाटते.

प्रथम विंडोजमधील डिस्क मॅनेजमेंट उघडावे. पार्टिशन दिसते, पण त्याला ड्राइव्हचे अक्षर नाही, तर अक्षर बहाल केले की काम संपले. ‘रॉ’ किंवा ‘अनअलोकेटेड’ दिसल्यास त्या डिस्कवर काहीही लिहू नये, चेकडिस्कही चालवू नये. डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने तिची संपूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि मग क्रिस्तोफ ग्रेनिए यांचा टेस्टडिस्क हा मोफत प्रोग्रॅम त्या प्रतीवर चालवावा. तो बूट सेक्टरांच्या खुणा शोधत हरवलेल्या हद्दी पुन्हा मांडतो. तथापि ‘पी’ कळ दाबून आपल्या फायलींची नावे प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज ‘राइट’चा हुकूम कदापि देऊ नये. डिस्क टकटक आवाज करीत असेल, तर वीज तत्काळ बंद करून ती जाणकाराच्या हवाली करावी.