फोन सापडतो, मग समुद्रात पडलेलं विमान का सापडत नाही?

हरवलेला फोन दोन मिनिटांत नकाशावर दिसतो. मग समुद्रात पडलेल्या लढाऊ विमानातला माणूस शोधायला ११ दिवस का लागतात?

हा प्रश्न मी पहिल्यांदा २०२० च्या नोव्हेंबरमध्ये एका व्हिडिओखालच्या कमेंटमध्ये वाचला. तेव्हापासून सरावाचं विमान कुठेही पडलं की तो परत येतो, आणि बरेचदा रागाने विचारलेला असतो. प्रश्न अगदी रास्त आहे. पण त्याचं उत्तर दोन ओळींच्या रिप्लायमध्ये मावत नाही, म्हणून आज जरा सविस्तर सांगतो.

आधी काय घडलं ते. २६ नोव्हेंबर २०२०, गुरुवार. भारतीय नौदलाचं मिग-२९के जातीचं ट्रेनर विमान संध्याकाळी पाचच्या सुमारास अरबी समुद्रात कोसळलं. ते आयएनएस विक्रमादित्य या विमानवाहू जहाजावरून उडालं होतं. विमानात दोघं होते. एक वैमानिक सापडला, वाचला. दुसरे, कमांडर निशांत सिंग, बेपत्ता होते. तीन दिवसांनी विमानाचे काही अवशेष मिळाले. ७ डिसेंबरला गोव्याच्या किनाऱ्यापासून सुमारे ३० मैलांवर, पाण्याखाली ७० मीटरवर त्यांचा मृतदेह सापडला.

'ट्रेनर' या शब्दाने गैरसमज होतो. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी असते तसं शिकाऊंचं हळू विमान, असं बऱ्याच जणांना वाटतं. हे दोन सीटचं, पूर्ण ताकदीचं लढाऊ विमान असतं, फक्त दुसऱ्या सीटवर शिकवणारा बसू शकतो. आणि 'प्रशिक्षण' कधी संपतच नाही. वीस वर्षं उडवणारा वैमानिकही रात्रीचं उड्डाण, जहाजावर उतरणं, खूप खालून उडणं याचा सराव करत राहतो. गोव्यात दाबोळीला आयएनएस हंसा या नौदल तळावर जहाजाच्या डेकसारखी चढणीची धावपट्टी बांधलेली आहे, ती याच कामासाठी. जमिनीवर आधी जमलं की मग समुद्रावर. पण शेवटी कधीतरी खऱ्या जहाजावरून, खऱ्या पाण्यावर उडावंच लागतं.

सीट बाहेर फेकते, पण कुठे?

लढाऊ विमानात इजेक्शन सीट असते. दांडा ओढला की वरची काच उडते किंवा फुटते, खुर्चीखालचा स्फोटक दारूचा दट्ट्या आणि रॉकेट पेटतं, आणि माणूस खुर्चीसकट बाहेर फेकला जातो. त्या क्षणी अंगावर स्वतःच्या वजनाच्या बारा ते वीस पट भार येतो. मणका दुखावू शकतो, मानेला इजा होऊ शकते. दोन सीटच्या विमानात साधारणपणे मागची सीट आधी सुटते आणि सेकंदाच्या काही भागानंतर पुढची, म्हणजे पुढच्या रॉकेटची आग मागच्याला लागत नाही.

आजच्या सीटना 'झिरो-झिरो' म्हणतात. विमान जमिनीवर उभं असलं, वेग शून्य असला, तरी पॅराशूट उघडेल इतक्या उंचीवर त्या माणसाला नेतात. पण हे गणित विमान सरळ असताना बरोबर येतं. विमान कलंडलेलं असेल, वेगाने खाली जात असेल, तर तीच सीट माणसाला आडवं किंवा खालच्या दिशेला फेकते. हातात उरतात एक-दोन सेकंद. २६ नोव्हेंबरला नेमकं काय झालं हे ठरवणं चौकशी समितीचं काम, मी इथे तर्क लढवत बसणार नाही.

जमिनीवर इजेक्ट झाल्यावर गोष्ट बरीच सोपी असते. जून २०२४ मध्ये नाशिक जिल्ह्यात, निफाड तालुक्यातल्या शिरसगावाजवळ सुखोई-३० शेतात पडलं. दोन्ही वैमानिक इजेक्ट होऊन वाचले. पडलेलं विमान पडल्या जागी होतं, धूर लांबून दिसत होता. समुद्रात असं नसतं. माणूस पाण्यात पडला की हलायला लागतो.

साधं गणित करून बघा. प्रवाह ताशी एक सागरी मैल, म्हणजे जवळपास १.८५ किलोमीटर. बारा तासांत २२ किलोमीटर. प्रवाहाची दिशा पक्की ठाऊक नसेल तर २२ किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ शोधायचं, म्हणजे दीड हजार चौरस किलोमीटर. मुंबई महापालिकेच्या हद्दीच्या तिप्पट. त्यात एक डोकं शोधायचं, लाटांमध्ये. आणि गोव्यात नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. पाचला अपघात म्हणजे उजेडाचा एकच तास हातात.

मग सिग्नल देणारं यंत्र नसतं का?

असतं. वैमानिकाच्या जीवरक्षक किटमध्ये साधारणपणे एक छोटा बीकन असतो. तो ४०६ मेगाहर्ट्झवर हाका मारतो आणि त्या उपग्रह ऐकतात. या व्यवस्थेचं नाव कॉस्पास-सारसॅट. अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ यांनी शीतयुद्धाच्या ऐन काळात मिळून ती उभी केली आणि १९८२ मध्ये तिच्यामुळे पहिल्यांदा माणसं वाचली. (एकमेकांवर अणुबॉम्ब रोखून बसलेले देश हरवलेली माणसं शोधायला एकत्र आले, हे मला अजूनही नवल वाटतं.) भारतात हे सिग्नल इस्रोच्या बेंगळुरू केंद्रात येतात. बीकनमध्ये जीपीएस असेल तर जागा शंभरेक मीटरपर्यंत अचूक कळते, नसेल तर काही किलोमीटरचा अंदाज मिळतो.

म्हणजे तुमच्या फोनसारखंच झालं की! हो, पण पाण्याच्या वर असेपर्यंत.

स्विमिंग पूलमध्ये ब्लूटूथ इअरबड घालून डुबकी मारली तर गाणं तुटतं. वॉटरप्रूफ असूनही. कारण पाणी रेडिओ लहरी गिळतं, आणि समुद्राचं खारं पाणी तर वीजवाहक असल्यामुळे फारच. ४०६ मेगाहर्ट्झचा सिग्नल खाऱ्या पाण्यात दर दीड-दोन सेंटिमीटरला निम्म्याहून खाली येतो. अर्धा मीटर खोल गेलात की उपग्रहासाठी तुम्ही नाहीच. जीपीएसचंही तेच. जगातला सगळ्यात महागडा फोन ७० मीटर खाली नेला तरी त्याला स्वतःलाच आपण कुठे आहोत ते कळणार नाही, आपल्याला काय सांगणार?

पाणबुड्यांशी बोलायचं तरी खूप कमी फ्रिक्वेन्सी वापरावी लागते. तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ आयएनएस कट्टबोम्मन नावाचं नौदलाचं केंद्र त्यासाठीच आहे, भलेमोठे मनोरे उभे करून. आणि तेही सिग्नल पाण्यात जेमतेम दहा-वीस मीटर शिरतात.

पाण्यात आवाज चालतो

रेडिओ मरतो तिथे आवाज पळतो. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर, पाण्यात सुमारे १,५००. म्हणून प्रवासी विमानांच्या ब्लॅक बॉक्सला एक पिंगर लावलेला असतो. पाणी लागलं की तो चालू होतो आणि दर सेकंदाला ३७.५ किलोहर्ट्झचा एक टिक सोडतो. आपल्या कानाची मर्यादा २० किलोहर्ट्झ, त्यामुळे आपल्याला ऐकू येत नाही. पूर्वी त्याची बॅटरी ३० दिवस टिकायची. एअर फ्रान्सचं विमान २००९ मध्ये अटलांटिकमध्ये पडलं आणि त्याचा सांगाडा जवळपास दोन वर्षांनी ३,९०० मीटर खोल सापडला, त्यानंतर ती ९० दिवसांची करण्याचा नियम आला.

आपल्याकडचं उदाहरण सांगतो. जून २०१५ मध्ये तटरक्षक दलाचं डॉर्नियर विमान तमिळनाडूच्या किनाऱ्याजवळ तीन जणांसह बेपत्ता झालं. तेव्हा आयएनएस सिंधुध्वज ही पाणबुडी पाठवली गेली, शत्रूचं जहाज ऐकण्याच्या सोनारने पिंगरचा टिक ऐकायला. तिने तो तुटक तुटक ऐकला. महिन्याभराने सुमारे हजार मीटर खोलीवरून रेकॉर्डर वर आला.

पण पिंगर काही किलोमीटरपलीकडे ऐकू येत नाही. आणि तो रेकॉर्डरचा पत्ता सांगतो, माणसाचा नाही. माणूस शोधायला समुद्राचा तळ पट्ट्यापट्ट्याने बघावा लागतो. गोव्यात नौदलाने तेच केलं. अवशेष सापडले त्या भागात खास उपकरणांनी तळाचा नकाशा काढला आणि पाणबुडे उतरवले. सोनारने काढलेला नकाशा म्हणजे फोटो नव्हे. आवाज तळावर आपटून परत येतो, त्याची करडी सावली दिसते. खडक, तुटलेलं जाळं, पत्रा, सगळं सारखंच दिसतं. प्रत्येक संशयित सावलीपाशी कुणीतरी जाऊन बघायचं.

७० मीटर म्हणजे वीस-बावीस मजली इमारत. तिथे दाब वरच्या आठ पट असतो. हौशी स्कूबावाले ४० मीटरला थांबतात. त्याखाली साधी हवा श्वासात घेतली तर नायट्रोजनची दारूसारखी नशा चढते, म्हणून वेगळं वायूचं मिश्रण लागतं, आणि वर येताना टप्प्याटप्प्याने थांबत यावं लागतं. तळाशी काही मिनिटं काम, वर यायला त्याच्या कितीतरी पट वेळ. हे सगळं रोज, ११ दिवस. आता ती कमेंट परत वाचा.

त्या ११ दिवसांत आपल्या फोनवर काय चाललं होतं?

नौदलाच्या पहिल्या निवेदनात कुणाचं नाव नव्हतं. एक वैमानिक सापडला, दुसऱ्याचा शोध सुरू आहे, चौकशीचे आदेश दिलेत, एवढंच. लोकांना हे लपवाछपवी वाटतं. कारण साधं आहे. आधी घरी कळवायचं असतं, आणि तेही माणसाने समोर जाऊन किंवा निदान फोन करून.

आणि मग ते पत्र. कमांडर सिंग यांनी त्याच वर्षी मे महिन्यात, लॉकडाऊनमध्ये, लग्नाची परवानगी मागायला वरिष्ठांना एक मिश्कील पत्र लिहिलं होतं. ते तेव्हाच गाजलं होतं. अपघातानंतर ते पुन्हा सगळीकडे फिरलं. पत्र शेअर करण्यात मला काही वावगं वाटत नाही. त्यामुळे 'बेपत्ता वैमानिक' हा हसणारा, थट्टा करणारा, सहा महिन्यांपूर्वी लग्न ठरवणारा माणूस झाला. पण माझ्याकडे ते आलं तेव्हा खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलेलं होतं, दिवा आणि फुलांसकट. जहाजं अजून शोधत होती. घरचे अजून थांबले होते. त्यांच्या फोनवरही व्हॉट्सॲप असतं. 'बेपत्ता' आणि 'मृत' हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि दुसरा शब्द आधी उच्चारायचा हक्क आपला नाही.

फेक व्हिडिओ तर येतातच. 'आर्मा ३' या गेममधल्या क्लिप खऱ्या युद्धाच्या म्हणून इतक्या फिरल्या की २०२२ मध्ये गेम बनवणाऱ्या कंपनीला खुलासा करावा लागला. ओळखायचं कसं? कॅमेरा अगदी सराईतपणे विमानाच्या मागे जातो, माणसं दिसत नाहीत, चित्र मुद्दाम धूसर केलेलं असतं. क्लिपचा स्क्रीनशॉट गूगल लेन्समध्ये टाका, बरेचदा जुनी तारीख लगेच निघते.

खरे व्हिडिओ जास्त नाजूक असतात. शेतात विमान पडलं आणि तुम्ही जवळ असाल, तर ११२ ला फोन करा आणि लांब राहा. न फुटलेलं इजेक्शनचं रॉकेट अवशेषांत पडलेलं असू शकतं. शूटिंग केलंच असेल तर विमानाच्या शेपटीवरचा नंबर, हेल्मेट, छातीवरची नावाची पट्टी दिसणारी फ्रेम कुठेही टाकू नका. त्या नंबरावरून तळावरच्या घरांमध्ये लगेच कळतं की आज कोण उडालं होतं.

हो, आणि फ्लाइट ट्रॅकर ॲपवर ते विमान का दिसलं नाही, हेही विचारलं जातं. ही ॲप विमानाने स्वतःहून सांगितलेली जागा दाखवतात. लढाऊ विमानं सहसा ती सांगत नाहीत, आणि पडलेलं विमान तर काहीच सांगत नाही.

शोध ११ दिवसांत लागला, तोही लवकरच म्हणायचा. २२ जुलै २०१६ ला हवाई दलाचं एएन-३२ तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालं आणि बंगालच्या उपसागरावर २९ जणांसह नाहीसं झालं. जानेवारी २०२४ मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेच्या मानवरहित पाणबुडीने ३,४०० मीटर खोलीवर काही अवशेषांचे फोटो काढले. ते तपासून एएन-३२ चेच आहेत असं ठरलं. मधे साडेसात वर्षं गेली होती.