काळीतली पांढरी

खानदेशात गावाची जमीन दोन नावांची. पिकते ती काळी, वस्ती असते ती पांढरी. कपाशीच्या शिवारात मध्येच राखट मातीचा उंचवटा दिसला, की जुनी माणसं ओळखतात, इथं कधीकाळी गाव नांदलं. चुलीची राख, शेण, पडलेल्या भिंती आणि त्यांच्यावर पुन्हा उठलेली घरं, यांतूनच ही माती घडते.

तापी-गोमाई संगमावरचं प्रकाशे दक्षिण काशी म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. त्या गावाच्या पांढरीत १९५५ साली पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी उत्खनन केलं. तेव्हा हा पश्चिम खानदेश होता. पुढे धुळे जिल्हा आणि १९९८ पासून नंदुरबार. तळाशी निघाली साडेतीन हजार वर्षांपूर्वीची ताम्रपाषाणयुगीन वस्ती. तिच्यावर लोखंड वापरणाऱ्यांचे थर, मग सातवाहनकाळ आणि त्यानंतरची शतकं.

खरी गोष्ट सांगतात ती खापरं. जोर्वे पद्धतीचं, म्हणजे ताम्रपाषाणयुगातलं, खापर धुतलं, की लाल अंगावर काळ्या रेघा उजळतात. टिचकी मारली तर खणकन वाजतं, इतकं ते पक्कं भाजलेलं. प्रकाशाच्या जुन्या थरांत माळव्याच्या वळणाची खापरं आहेत, गुजरातकडची चकचकीत तांबडी आहेत. वरच्या लोहयुगीन थरांत गंगेच्या खोऱ्यातली काळी, आरशासारखी झिलई असलेली भांडीही येतात. तापीकाठची वाट किती जुनी आणि किती लांबची, हे त्या तुकड्यांवरून कळतं.

चाळीसगाव तालुक्यात गिरणेकाठी बहाळ आहे. म. न. देशपांडे यांनी १९५२-५३ मध्ये आणि पुन्हा १९५६-५७ मध्ये तिथं उत्खनन केलं. पैलतीरावर टेकवाड्याला त्याच ताम्रपाषाणयुगातली दफनं सापडली. त्याच युगातल्या इनामगावच्या वस्तीत मृतांना घराच्या जमिनीखालीच पुरत; इथं जिवंत माणसं एका काठावर आणि गेलेली दुसऱ्या काठावर. मृतांजवळ भांडी ठेवलेली होती. मला हे सगळ्यात जवळचं वाटतं.

अशी गाडलेली वस्ती जपताही येते. उत्तर इंग्लंडमध्ये व्हिन्डोलांडाला रोमन लष्करी ठाणं आणि त्याला लागून वसलेली नागरी वस्ती मातीखालून काढून जपली आहे. लोक तिकीट काढून पाहायला जातात. आपली पांढरी वयानं तिच्या जवळजवळ दुप्पट. पण कसदार म्हणून ही माती पूर्वापार गाड्या भरभरून शेतात टाकली गेली. शेतकऱ्याला दोष कसा द्यावा? पांढरी पडली की पीक जोर धरतं, हा त्याचा अनुभव खराच आहे. मात्र थर एकदा विस्कटला, की कोणतं खापर कुणाच्या आधीचं, हे कायमचं हरवतं. खापर हाती उरतं, त्याचं साल जातं.

म्हणून पांढरीवर फावडं घालण्याआधी गावानं तालुक्याला कळवावं, शाळेतल्या मुलांना एकदा तिथं न्यावं. पहिल्या वळिवानंतर जावं. तेव्हा उतारावरची माती धुऊन जाते आणि तांबड्या खापरांच्या कडा ओल्या उन्हात वर आलेल्या असतात.