एक अधिक एक दोनच होतील असे नाही

‘नॅनो’ हा शब्द ‘बुटका’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला. मीटरचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर. १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांना नॅनोकण म्हणतात. टायटॅनियम डायऑक्साइडचे असे कण सनस्क्रीनमध्ये असतात. आंघोळीच्या पाण्याबरोबर ते गटारात आणि पुढे नदीत उतरतात. तेथे शिसे, कॅडमियम, कीटकनाशके यांच्याशी त्यांची गाठ पडते.

या गाठीचा परिणाम तपासण्यासाठी झेब्राफिश हा आपल्याच उपखंडातला छोटा पट्टेरी मासा उपयोगी पडतो. त्याचे अंडे पारदर्शक असते. साधारण एका दिवसात हृदय धडधडू लागते आणि दोन-तीन दिवसांत पिल्लू बाहेर येते. वाकलेला कणा, हृदयाभोवतीची सूज, लांबलेला जन्म हे सारे सूक्ष्मदर्शकाखाली दिसते.

येथे एका पारिभाषिक शब्दाचे महत्त्व कळते. स्पंज पाणी आत घेतो, ते ‘शोषण’. फळ्यावर खडूची धूळ बसते तसे रेणू पृष्ठभागालाच चिकटले, तर ते ‘अधिशोषण’. कण जितका बारीक, तितका वजनाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग मोठा. म्हणून नॅनोकणांवर प्रदूषकांचे अधिशोषण सहज होते.

मग दोन गोष्टी संभवतात. कण हमालासारखा प्रदूषकाला माशाच्या शरीरात पोहोचवतो. शिशाबरोबर टायटॅनियम डायऑक्साइडचे नॅनोकण असताना झेब्राफिशच्या पिल्लांत शिसे अधिक साठले आणि थायरॉइडची संप्रेरके आणखी घटली, असे प्रयोगात आढळले आहे. ही संप्रेरके वाढीसाठी आवश्यक असतात. याउलट, कणांच्या गुठळ्या होऊन त्या तळाशी बसल्या किंवा अंड्याच्या आवरणाबाहेरच अडकल्या, तर प्रदूषकाचा परिणाम कमीही होतो. पाण्यातले क्षार, आम्लता आणि सेंद्रिय पदार्थ यांवर पारडे कोणीकडे झुकेल ते ठरते.

अडचण येथेच आहे. पाण्यातील घातक द्रव्यांच्या सुरक्षित मर्यादा बहुधा एकेका पदार्थासाठी ठरवल्या जातात. अहवालात प्रत्येक पदार्थ ‘मर्यादेत’ असतो. अंड्यातला जीव मात्र ते सारे एकदमच भोगतो. म्हणून ‘मर्यादेत’ हा शब्द वाचताना ‘कोणाच्या सोबतीने?’ हा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारायला शिकवले पाहिजे.