वृद्ध नर गिनीपिग : मलसंचय आणि स्वच्छता

गिनीपिग हा उंदीर, खार इत्यादींच्या गणातील एक लहान शाकाहारी प्राणी होय. त्याचे मूळ स्थान दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताचा प्रदेश. तेथील लोकांनी हजारो वर्षांपूर्वी त्याला माणसाळविले आणि सोळाव्या शतकात तो युरोपात पोहोचला. पुढे शास्त्रज्ञांना त्याचा फार उपयोग झाला. रॉबर्ट कॉख ह्यांनी १८८२ साली क्षयाच्या जिवाणूचा शोध जाहीर केला, त्यामागील प्रयोगांत गिनीपिग होते. होल्स्ट व फ्रलिक ह्या नॉर्वेजियन संशोधकांनी १९०७ साली स्कर्व्ही रोगाचा उलगडा ह्याच प्राण्याच्या साहाय्याने केला.

प्रयोगशाळेतील गिनीपिग बहुधा तरुण असतात. घरी पाळलेला गिनीपिग मात्र पाच ते आठ वर्षे जगतो, म्हणजे तो म्हातारा होतो. आणि वार्धक्याबरोबर नराला एक विशिष्ट व्याधी जडू शकते. राजधानी दिल्लीच्या लगत १९७६ साली वसविलेल्या नोएडासारख्या शहरात, उंच इमारतींतील सदनिकांमध्ये, थोड्या जागेत मावणारा म्हणून हा प्राणी पाळला जातो. अशा घरांतील माणसांना ह्या व्याधीचे स्वरूप ठाऊक असणे अगत्याचे आहे.

दोन प्रकारची विष्ठा

गिनीपिगच्या शरीरातून दोन प्रकारच्या गोळ्या बाहेर पडतात. पहिल्या कोरड्या व कठीण असतात. त्या म्हणजे निरुपयोगी मल. दुसऱ्या मऊ व ओलसर असतात. लहान आणि मोठे आतडे जेथे मिळतात तेथे उंडुक नावाची मोठी पिशवी असते. तीत जिवाणू गवतातील तंतूंवर क्रिया करतात व त्यातून प्रथिने आणि ब गटातील जीवनसत्त्वे तयार होतात. ह्या द्रव्यांनी युक्त अशी मऊ गोळी गिनीपिग गुदद्वाराशी तोंड नेऊन थेट खातो. हे पाहून माणसास किळस येईल. परंतु प्राण्याच्या दृष्टीने ते दुसऱ्यांदा घेतलेले जेवण असते.

व्याधीचे कारण

नराच्या गुदद्वारापाशी त्वचेची एक घडी, किंबहुना लहानशी पिशवीच असते. तिच्यातील ग्रंथींतून तेलकट स्राव पाझरतो. वय वाढले की ह्या भागातील स्नायू शिथिल होतात आणि मऊ गोळ्या बाहेर न येता पिशवीत साचू लागतात. त्यांत स्राव, केस व काड्या मिसळून दुर्गंधीयुक्त गोळा बनतो. ह्यालाच मलसंचय म्हणतात. लठ्ठपणा आणि आहारातील तंतूंची कमतरता ह्यांमुळे तो अधिकच वाढतो. कठीण गोळ्या पुष्कळदा नेहमीप्रमाणे पडत राहतात. त्यामुळे पिंजरा पाहून सर्व ठीक आहे असा समज होतो. प्रत्यक्षात मात्र प्राणी आपल्या अन्नाच्या एका भागाला मुकलेला असतो आणि हळूहळू रोडावतो.

साफ करण्याची रीत

प्रथम प्राण्याला टॉवेलावर घेऊन त्याची पाठ व मागचा भाग नीट आधारावर ठेवावा. दोन माणसे असल्यास काम सोपे होते. कोमट पाण्यात भिजविलेला कापूस काही मिनिटे त्या जागी धरावा. गोळा कठीण झाला असल्यास लिक्विड पॅराफिनचे एकदोन थेंब लावावेत. मग अंगठा व तर्जनी ह्यांनी पिशवीच्या खालच्या बाजूस हलका दाब देत गोळा बाहेर सरकवावा. तो ओढू नये. नख किंवा काडी आत घालू नये. आतील त्वचा नाजूक असून तिला सहज जखम होते. गोळा निघाल्यावर घड्या कोमट पाण्याने पुसून पूर्ण कोरड्या कराव्यात.

काढलेल्या मलात ताजी मऊ गोळी वेगळी दिसल्यास ती प्राण्याच्या तोंडासमोर धरावी. पुष्कळ गिनीपिग ती आपणहून घेतात. घेतली नाही तर बळजबरी करू नये. जुना, केसाळ व कुजका गोळा मात्र फेकून द्यावा.

ही व्याधी सहसा कायमची बरी होत नाही. काही नरांना आठवड्यातून दोनदा, तर काहींना रोज साफ करावे लागते. स्नायूंनी सोडलेले काम पाळणाऱ्याच्या हाताने करावयाचे असते आणि ते प्राण्याच्या उरलेल्या आयुष्यभर चालू ठेवावे लागते.

इतर स्वच्छता

नराच्या जननेंद्रियाच्या आवरणात केस, गवताचे तुकडे व घट्ट झालेला स्राव अडकतो. आठवड्यातून एकदा तो भाग पाहून कोमट पाण्याने साफ करावा. पाठीच्या शेवटी, शेपटीच्या जागी, एक तेलग्रंथी असते. तेथील चिकट थर खोबरेल तेलाने मऊ करून पुसता येतो. लाकडाचा बारीक भुसा पिशवीत शिरतो म्हणून अंथरुणासाठी धुता येण्याजोगे जाड कापड बरे. ते ओले होताच बदलावे.

आहार

आहाराचा मुख्य भाग सुके गवत असावे. त्यातील लांब तंतूंनी आतडे हलते राहते आणि सतत वाढणारे दातही झिजतात. गव्हाचा भुसा हा त्याला पर्याय नव्हे. उत्तर भारतात हिवाळ्यात मिळणारा बरसीम, तसेच लसूणघास, ह्यांत कॅल्शियम पुष्कळ असते. प्रौढ नराला त्यामुळे मूत्राशयात खडे होण्याचा धोका असतो, म्हणून ते थोडेच द्यावेत. स्वच्छ जागेवरील हरळी उत्तम. माणसाप्रमाणे गिनीपिगलाही क जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही. दर किलो वजनास रोज सुमारे १० मिलिग्रॅम आणि आजारपणात ३० मिलिग्रॅमपर्यंत त्याची गरज असते. ढोबळी मिरची व कोथिंबीर ह्यांतून ते मिळते. पाण्यात विरघळविलेले क जीवनसत्त्व लवकर नष्ट होते.

ऋतुमानाचा विचार

नोएडात मे-जून महिन्यांत तापमान ४५ अंश सेल्सियसच्या आसपास जाते. गिनीपिगला तर तीस अंशांच्या पलीकडचा उकाडाही घातक ठरू शकतो. त्याला बाल्कनीत ठेवू नये. पावसाळ्यात माश्या मळलेल्या त्वचेवर अंडी घालतात व अळ्या मांसात शिरतात. ज्या नराला मलसंचय आहे त्याचा मागचा भाग ह्या दिवसांत रोज दोनदा पाहावा. हिवाळ्यात साफसफाईनंतर ओल राहू देऊ नये.

पशुवैद्याकडे केव्हा न्यावे

प्राण्याचे वजन दर आठवड्यास एकाच काट्यावर करून नोंदवावे. प्रौढ नराचे वजन साधारणपणे ९०० ते १२०० ग्रॅम असते. ते सलग घटू लागल्यास काही बिघाड आहे असे समजावे. त्वचा फाटणे, रक्त किंवा अळ्या दिसणे, पोट फुगणे, कठीण गोळ्याही बंद होणे ह्यांपैकी काहीही दिसल्यास, किंवा प्राण्याने अर्धा दिवस अन्न घेतले नाही तर, त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. ससे व गिनीपिग ह्यांच्यावर उपचार करण्याचा अनुभव असलेला पशुवैद्य आधीच शोधून ठेवणे हिताचे. घरातील प्रतिजैविके मुळीच देऊ नयेत. पेनिसिलीन, ॲम्पिसिलीन ह्यांसारखी औषधे पोटात गेल्यास उंडुकातील उपयुक्त जिवाणू मरतात, घातक जिवाणू वाढतात आणि प्राणी काही दिवसांतच दगावू शकतो.

साफसफाई रोज ठरावीक वेळी केली तर तिला दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. प्राणी तिला सरावतो आणि गोळा कठीण होण्यापूर्वीच निघत असल्याने त्याला वेदनाही होत नाहीत. अशी निगा मिळाली तर मलसंचय असलेला नरही नीट खातो, वजन राखतो आणि आपले उरलेले आयुष्य सुखाने जगतो.