लेखांक ६ : अनुभव महाग का ठरतो?

गेल्या लेखांकात मंदी आणि नोकरकपात यांचा संबंध तपासला. प्रस्तुत लेखांकाचा विषय मात्र अशी कपात आहे, जिच्यात माणसांच्या संख्येपेक्षा त्यांची रचना अधिक बदलते. म्हणजे अनुभवी कर्मचारी बाहेर पडतात आणि त्याच सुमारास नुकत्याच पदवीधर झालेल्यांची भरती चालू राहते. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने (टीसीएस) जुलै २०२५ मध्ये सुमारे १२ हजार, म्हणजे आपल्या मनुष्यबळाच्या जवळपास २ टक्के पदे कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा ही कपात मुख्यतः मधल्या आणि वरिष्ठ श्रेणींत होईल, असेही सांगितले. कारण म्हणून कृत्रिम बुद्धिमत्तेकडे बोट न दाखवता, माणसांची कौशल्ये आणि हाती असलेली कामे यांचा मेळ बसत नाही, असे कंपनीने म्हटले. हे स्पष्टीकरण जसेच्या तसे मान्य केले, तरी मेळ न बसणारे लोक मधल्या थरातच का साचावेत, हा प्रश्न उरतो आणि त्याचे उत्तर या उद्योगाच्या घडणीत सापडते.

माहिती-तंत्रज्ञान सेवा कंपन्यांत या घडणीला ‘पिरॅमिड’ म्हणतात. तळाशी फ्रेशर, मध्ये टीम लीड व प्रोजेक्ट मॅनेजर आणि वर मोजके वरिष्ठ अधिकारी, अशी ही उतरंड असते. ग्राहक कंपनी कामासाठी जो दर मोजते तो कराराने बांधलेला असतो, पण काम करणाऱ्याचा पगार दरवर्षीच्या अप्रेझलनंतर थोडाफार वाढतच असतो. त्यामुळे तोच माणूस त्याच कामावर राहिला, तर त्याच्यामागे मिळणारा नफा वर्षागणिक आटत जातो. उद्योग झपाट्याने वाढत होता तोवर अशा माणसाला बढती देऊन नव्या प्रकल्पावर नेता येत असे आणि तळाशी नवी भरती करून सरासरी खर्च खाली आणता येत असे. वाढ मंदावल्यावर नवे प्रकल्प कमी झाले आणि मधला थर फुगला. दुसरीकडे, मोठ्या कंपन्यांत फ्रेशरचा पगार गेल्या दीड दशकात वर्षाला साडेतीन लाख रुपयांच्या आसपासच रेंगाळल्याने दोन्ही थरांतील अंतर रुंदावले. समजा, वर्षाला २४ लाख घेणाऱ्या एका लीडच्या जागी प्रत्येकी ४ लाखांचे तीन फ्रेशर नेमले, तर खर्च निम्म्यावर येतो आणि ग्राहकाला ज्यांचे बिल लावता येईल अशी माणसे एकाची तीन होतात.

हे गणित बेंचच्या नियमांतून अधिक काटेकोर होते. एक प्रकल्प संपून दुसरा मिळेपर्यंतचा बिनकामाचा काळ म्हणजे बेंच. टीसीएसने जून २०२५ पासून लागू केलेल्या धोरणानुसार कर्मचाऱ्याचे वर्षात किमान २२५ दिवस बिलेबल असावेत आणि बेंचवरचा काळ ३५ दिवसांपुढे जाऊ नये, अशी अपेक्षा आहे. नियम सर्वांना सारखाच असला, तरी त्याचा भार सारखा पडत नाही. कारण स्वस्त फ्रेशर कोणत्याही प्रकल्पात सामावून जातो, तर पंधरा वर्षे अनुभवाच्या माणसाचा खर्च पाहूनच प्रोजेक्ट मॅनेजर नकार देतो.

या हिशेबात जे धरले जात नाही, ते नोटीस पिरियडमधल्या ‘केटी’त, म्हणजे जाणाऱ्याने येणाऱ्याला कामाची माहिती सोपवण्याच्या प्रक्रियेत दिसते. बैठका रेकॉर्ड होतात, एक्सेलमधल्या यादीतील प्रत्येक बाबीपुढे ‘पूर्ण’ असे लिहिले जाते आणि दोघेही मान्यता देतात. त्या यादीत प्रोग्रॅम काय करतो हे असते. पण मार्चअखेरीस रात्री चालणारा बॅच जॉब मध्येच अडकला, तर आधी काय थांबवायचे आणि ग्राहकाकडच्या कोणाला उठवायचे, हे बहुधा नसते, कारण तसा प्रसंग येईपर्यंत ते सांगण्याचे जाणाऱ्याच्याही ध्यानात येत नाही. बचत चालू तिमाहीतच ताळेबंदात उतरते, तर हे नुकसान पुढे कधीतरी आणि दुसऱ्याच कोणाच्या नावावर मांडले जाते.

भारतीय कायद्याचा क्रम अनुभवी माणसाला आधी काढण्याच्या या पद्धतीच्या नेमका उलट आहे. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ मध्ये १९५३ साली घातलेल्या कलम २५-जीनुसार, एखाद्या प्रवर्गातील कामगार कमी करताना सामान्यतः जो शेवटी आला तो आधी जावा आणि हा क्रम मोडायचा असेल तर मालकाने कारणे नोंदवावीत, असे बंधन होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनेही हे तत्त्व कायम ठेवले आहे. तरीही पिरॅमिडचे गणित निर्धोक चालते, त्याची कारणे दोन. एक म्हणजे हे संरक्षण ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यांनाच मिळते आणि व्यवस्थापकीय काम करणारे, तसेच महिना १८ हजारांहून अधिक वेतन घेणारे पर्यवेक्षक या व्याख्येबाहेर राहतात. न्यायालये पदनामापेक्षा प्रत्यक्ष काम पाहतात हे खरे. पण तिथवर पोहोचणारे थोडेच. दुसरे कारण अधिक परिणामकारक आहे : कर्मचाऱ्याने राजीनामा दिला, तर कायद्याच्या दृष्टीने ती कपातच ठरत नाही. म्हणून एचआरच्या खोलीतील संभाषण बहुतेक वेळा राजीनामा आणि टर्मिनेशन या दोन पर्यायांभोवती फिरते आणि पुढच्या नोकरीसाठी लागणारे रिलीव्हिंग लेटर स्वच्छ राहावे म्हणून कर्मचारी पहिला पर्याय स्वीकारतो.

अमेरिकेत संरक्षणाचा आधार वेगळा आहे. तेथे १९६७ च्या कायद्याने वयाच्या चाळिशीपासून पुढे वयाधारित भेदभावास मनाई केली. परंतु १९९३ मध्ये हेझन पेपर खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने सेवेची वर्षे आणि वय या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या, त्यामुळे केवळ जुना म्हणून काढले एवढ्यावर दावा टिकत नाही. १९९० च्या दुरुस्तीने मात्र एक उपयुक्त अट घातली : सामूहिक कपातीत वयभेदाच्या दाव्यावर पाणी सोडण्याची सही घ्यायची असेल, तर कोणत्या पदावरील कोणत्या वयाचे किती लोक काढले आणि किती ठेवले, याची यादी द्यावी लागते. आयबीएमने २०१४ पासून अशा याद्या देणे थांबवल्याचे प्रोपब्लिका या शोधपत्रकारिता संस्थेने २०१८ मध्ये उघड केले आणि २०२० मध्ये समान रोजगार संधी आयोगाने, नवपदवीधरांना जागा करण्यासाठी वयस्क कर्मचारी कमी करण्याचा आग्रह वरिष्ठ पातळीवरून धरला गेल्याचा निष्कर्ष काढला. कंपनीने आरोप नाकारले. पण हा वाद उभा राहू शकला, कारण आकडे मागण्याची सोय कायद्यात होती.

भारतात अशी सोय नाही. ठरावीक काळात किती राजीनामे आले आणि ते देणाऱ्यांची सेवा किती वर्षांची होती, हे कामगार आयुक्तांना कळवण्याचे बंधन मोठ्या कंपन्यांवर घातले, तर कोणाचीही नोकरी त्याने हमखास वाचणार नाही. मात्र स्वेच्छेचे राजीनामे आणि राजीनाम्याच्या वेषातील कपात यांतला फरक एकेकट्या कर्मचाऱ्याला न्यायालयात सिद्ध करावा लागणार नाही, तो आकड्यांतूनच दिसू लागेल.

(पुढील लेखांक : नोटीस पिरियड, ग्रॅच्युइटी आणि अंतिम हिशेब)