जेसीबी लावण्याआधी: 'कॉल बिफोर यू डिग' ॲप कशासाठी?

जमिनीखाली ऑप्टिकल फायबर, जलवाहिनी किंवा गॅसची पाइपलाइन असली, तरी जेसीबी किंवा पोकलेनच्या चालकाला ती दिसत नाही. सरकारच्या अंदाजानुसार समन्वयाविना होणाऱ्या खोदकामामुळे देशाचे दरवर्षी सुमारे 3,000 कोटी रुपयांचे नुकसान होते. हे टाळण्यासाठी दूरसंचार विभागाच्या 'कॉल बिफोर यू डिग' ॲपचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते 22 मार्च 2023 रोजी झाले. गांधीनगरच्या 'बायसॅग-एन' संस्थेसोबत ते विकसित करण्यात आले असून ते पीएम गतिशक्तीशी जोडलेले आहे.

ॲप काय करते?

खोदकाम करणाऱ्याने ॲपवर नोंदणी करून जागा आणि कामाचा तपशील भरायचा. त्या भागात ज्यांच्या वाहिन्या आहेत, त्यांना एसएमएस, ई-मेल आणि ॲपमधून सूचना जाते. दोन्ही बाजू थेट फोनवर बोलू शकतात.

यंत्राला कोण थांबवणार?

ॲप यंत्र थांबवत नाही, हे नीट लक्षात घ्या. कार्यालयात मिळालेले उत्तर चालकापर्यंत पोहोचलेच नाही, तर नोंदणीचा उपयोग शून्य. म्हणून वाहिनीचा मार्ग चुन्याची फक्की टाकून जागेवर आखा आणि चालकाला स्वतः दाखवा. अनेक नव्या यंत्रांत जीपीएसवर चालणारी टेलिमॅटिक्स सोय असते. तिच्यात नकाशावर हद्द आखली की यंत्र ती ओलांडताच मालकाच्या मोबाइलवर इशारा येतो. मात्र केबल किती खोल आहे, हे जीपीएस सांगत नाही. जुने नकाशेही अचूक असतीलच असे नाही. वाहिनीजवळ बकेट न लावता आधी हाताने चाचणी खड्डा घ्या.

शेतकऱ्यांसाठी

शेतातून पेट्रोलियम किंवा गॅसची पाइपलाइन गेली असेल, तर जमीन तुमचीच राहते. पण 1962 च्या पाइपलाइन कायद्यानुसार त्या पट्ट्यात विहीर, तळे, बंधारा किंवा इमारत बांधता येत नाही. झाडेही लावता येत नाहीत. शेतातले खांब आणि फलक हाच मार्ग दाखवतात. ते हलवू नका.

धक्का लागलाच तर

केबल तुटल्यास माती ओढून बुजवू नका, लगेच कळवा. गॅसचा वास आल्यास इंजिन बंद करा, विडी-काडी पेटवू नका, वाऱ्याच्या उलट दिशेने दूर जा आणि तिथून फलकावरील आपत्कालीन क्रमांकावर किंवा 112 वर फोन करा.