परत आणलेला आणि परत न आलेली

झाग्रेब : "तुमच्याकडे तरी लेखकांना किंमत आहे," हे वाक्य पुण्याहून येणाऱ्या फोनवर हल्ली हटकून ऐकू येतं. निमित्त इथल्या रस्त्यांच्या पाट्यांचं. निळ्या पाटीवर रस्त्याचं नाव आणि पुष्कळ ठिकाणी खाली एक छोटी पाटी : हा माणूस कोण, कवी की व्याकरणकार, जन्मला कधी, गेला कधी. आपल्याकडे फर्ग्युसन रस्त्याचं अधिकृत नाव नामदार गोपाळ कृष्ण गोखले पथ आहे, हे एखाद्या रिक्षावाल्याला सांगून बघा. जंगली महाराजांचं आपण 'जेएम' केलं, लालबहादूर शास्त्रींचं 'एलबीएस'. तेव्हा मत्सर मलाही वाटतो. पण 'किंमत आहे' हे जरा तपासून घ्यायला हवं. कुणाला आहे, आणि माणूस गेल्यावर किती वर्षांनी, हे पाट्यांच्या फोटोत दिसत नाही.

दोन माणसं घेते. दोघंही लेखक, दोघांनीही देश सोडला आणि दोघांचंही लेखन राजकारणापासून वेगळं काढता येत नाही. ब्रुनो बुशिच गेला, कारण युगोस्लाव्हियात राहून त्याला स्वतंत्र क्रोएशिया हवा होता. दुब्राव्का उग्रेशिच गेली, कारण स्वतंत्र क्रोएशिया मिळाल्यावर त्याचा जयजयकार करायला तिने नकार दिला.

बुशिच १९३९ चा, दाल्मेशियाच्या किनाऱ्यामागच्या खडकाळ इमोत्स्की भागातला. अर्थशास्त्र शिकून तो झाग्रेबमध्ये कामगार चळवळीच्या इतिहास संस्थेत लागला. तिथे त्याचे साहेब होते फ्रान्यो तुज्मान, म्हणजे पुढे या देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले तेच. १९७१ साली इथे जरा मोकळं वारं सुटलं, त्यात बुशिच साप्ताहिकातून लिहू लागला. वारं पडलं तसा तुरुंगात गेला. १९७५ मध्ये देशाबाहेर पडला आणि लंडनहून निघणाऱ्या 'नोवा ह्रवात्स्का'मध्ये लिहू लागला. या पत्राचे अंक चोरून मायदेशी पोचवले जात. १९७७ पासून तो परदेशस्थ क्रोएशियनांच्या राष्ट्रीय परिषदेत प्रचाराचं काम पाहत होता. १६ ऑक्टोबर १९७८ रोजी पॅरिसच्या बेलव्हिल भागात तो राहत होता त्या इमारतीत त्याला गोळ्या घालण्यात आल्या. वय ३९. त्याच दिवशी रोममध्ये पोलंडचा कार्डिनल पोप म्हणून निवडून आला, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत बेलव्हिलला कितीशी जागा मिळाली असेल!

पॅरिसच्या पेर-लाशेज दफनभूमीतून त्याचे अवशेष १९९९ मध्ये झाग्रेबच्या मिरोगोय दफनभूमीत आणले. देश १९९१ मध्ये स्वतंत्र झाला. म्हणजे आठ वर्षांत. आता आपलं बघा. श्यामजी कृष्ण वर्मा १९३० मध्ये जिनिव्हात गेले, अस्थी आल्या २००३ मध्ये. स्वातंत्र्यानंतर छप्पन्न वर्षं त्या तिथेच होत्या. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गदरच्या चळवळीतून मेक्सिकोत पोचले, तिथे मोठे शेतीतज्ज्ञ झाले, दिएगो रिव्हेराने आपल्या भित्तिचित्रात त्यांना बसवलं. शेवटी स्वतःच्या पायांनी परत आले आणि १९६७ मध्ये नागपुरात वारले. मराठी माणसाला मेक्सिकोच्या सरकारी भिंतीवर जागा मिळते, नागपूरच्या बाहेर त्याचं नाव ठाऊक नसतं. तेव्हा मृतांच्या बाबतीत क्रोएशियाकडून शिकावं, हे मला मान्य आहे. १ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या दिवशी, मिरोगोयवर निम्मं शहर शेवंतीची फुलं आणि मेणाचे दिवे घेऊन लोटतं. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, ज्यू, मुसलमान, कम्युनिस्ट, सगळे एकाच आवारात पुरलेले. जिवंतपणी ही मंडळी एका टेबलावर कॉफी प्यायली नसती.

पण मृतांना जागा द्यायची तर कुणाला तरी उठवावं लागतं. शहराच्या मुख्य चौकातला बान (म्हणजे क्रोएशियाचा सुभेदार) येलाचिचचा घोड्यावरचा पुतळा कम्युनिस्टांनी १९४७ मध्ये हलवला. १९९० मध्ये तो परत आला, पण तोंड फिरवून. आधी तलवार उत्तरेला, हंगेरीकडे होती, आता दक्षिणेला आहे. २०१७ मध्ये मार्शल टिटोचं नाव चौकावरून उतरलं. त्याच वर्षीच्या जानेवारीत पुण्यात आपण संभाजी उद्यानातला राम गणेश गडकऱ्यांचा पुतळा उखडून मुठेत टाकला. इथे पुतळ्याची दिशा बदलण्याआधी समित्या बसतात, आपल्याकडे नदी जवळ असली की पुरतं. आणि गडकरी तर नाटककार! त्यांचा अपराध शंभर वर्षांपूर्वी लिहिलेल्या नाटकातला.

बुशिचच्या नावाने आज अनेक गावांत रस्ते आहेत. नव्वदच्या दशकात बोस्नियातल्या युद्धात क्रोएशियन फौजेच्या एका रेजिमेंटलाही त्याचं नाव होतं. त्याच्या खुनाचं मात्र काय झालं? युगोस्लाव्ह गुप्त पोलिसांच्या ज्या माणसावर इथे खटला चालला, तो २००० मध्ये पुराव्याअभावी सुटला. हाच माणूस १९८८ मध्ये स्कॉटलंडमध्ये दुसऱ्या एका क्रोएशियन परागंदा कार्यकर्त्यावर गोळ्या झाडल्याबद्दल दोषी ठरून तिथे शिक्षा भोगून आला होता. परक्यांच्या कोर्टात जे सिद्ध होतं ते घरच्या कोर्टात होत नाही, याचं आपल्या वाचकांना आश्चर्य वाटू नये.

याहून गमतीची गोष्ट २०१३ ची. १ जुलैला क्रोएशिया युरोपीय संघात जाणार होता. त्याच्या तीन दिवस आधी संसदेने घाईघाईने कायदा बदलला : युरोपीय अटक वॉरंट ऑगस्ट २००२ नंतरच्या गुन्ह्यांनाच लागू. कारण जर्मनीला हवे होते योसिप पेर्कोविच, जुन्या गुप्त पोलिसांचे अधिकारी. १९८३ मध्ये म्यूनिखजवळ स्टेपान जुरेकोविचचा खून झाला, त्या प्रकरणात. जुरेकोविचही परागंदा आणि पुस्तकं लिहिणारा; आधी सरकारी तेल कंपनीत बडा अधिकारी होता. म्हणजे बघा, ज्या देशाने बुशिचच्या नावाचे रस्ते केले, त्याच देशाच्या संसदेने बुशिचसारख्यांना मारणाऱ्या खात्यातल्या माणसासाठी कायदा वाकवला. ब्रुसेल्सने डोळे वटारले, कायदा सरळ झाला, पेर्कोविच जानेवारी २०१४ मध्ये जर्मनीला रवाना झाले, आणि २०१६ मध्ये म्यूनिखच्या न्यायालयाने त्यांना आणि त्यांचे वरिष्ठ झ्द्राव्को मुस्ताच यांना जन्मठेप दिली.

पेर्कोविचचा कायदा ज्या उन्हाळ्यात गाजत होता, त्याच उन्हाळ्यात, २० ऑगस्टला, पुण्याच्या पुलावर नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घालण्यात आल्या. तेही लेखक, 'साधना'चे संपादक. निकाल लागायला २०२४ उजाडलं. गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप झाली, बाकीचे तिघे सुटले. कट कुणी रचला हा प्रश्न जिथल्या तिथे. इथल्या एका वकिलाला मी हे सांगितलं, तर तो म्हणाला, "तुम्हाला म्यूनिख नाही ना!" त्याला ते विनोद म्हणून म्हणायचं होतं.

आता उग्रेशिच. इथे पाटी नको, माझी शिंपीणबाई बरी. माझ्या गल्लीत तळमजल्यावर तिचं अल्टरेशनचं दुकान आहे. दिवाणाएवढं टेबल, जुनं शिवणयंत्र, खिडकीत दोन फुलदाण्या. कोटाच्या बाह्या आखूड करायला गेले, तर शेल्फवर उग्रेशिचची १९८१ ची कादंबरी, 'श्टेफित्सा त्स्वेक'. पानं सुटी झालेली, पाठीला कापडी पट्टी चिकटवलेली. ही कादंबरी शिवणाच्या पेपर-पॅटर्नसारखी बांधली आहे, मजकुरात कुठे कापा, कुठे चुणी घाला अशा खुणा आहेत. १९८४ मध्ये त्यावर सिनेमा निघाला. शिंपीणबाईंना त्यातले संवाद पाठ आहेत. "आम्ही सगळ्या श्टेफित्साच होतो," त्या म्हणाल्या.

मग तीच लेखिका १९९२ मध्ये जर्मनीच्या 'डी त्साइट' साप्ताहिकात लिहिते. युद्ध चालू होतं, आणि झाग्रेबमध्ये 'शुद्ध क्रोएशियन हवा' अशी अक्षरं छापलेले रिकामे डबे विकले जात होते. उग्रेशिचने त्या डब्यांवर लिहिलं : शुद्ध हवेची ही हौस हळूहळू शुद्ध माणसांवर येते. डिसेंबर १९९२ मध्ये इथल्या 'ग्लोबुस' साप्ताहिकाने एक निनावी लेख छापला. उग्रेशिचसह पाच बायका, बहुतेक लेखिका आणि पत्रकार, देशावर बलात्कार करतात असा त्यांच्यावर आरोप. सोबत तक्ता होता : जन्म कुठे, राष्ट्रीयत्व कोणतं, लग्न झालं का, नवरा कोणत्या जातकुळीचा, मुलं किती. लग्नाच्या स्थळासाठी पाठवतात तसा बायोडेटा, फक्त शेवटी 'इच्छुकांनी संपर्क साधावा' नव्हतं. संपर्क लोकांनी आपणहून साधला. धमक्यांचे फोन, विद्यापीठात सहकाऱ्यांनी फिरवलेली तोंडं. १९९३ मध्ये उग्रेशिच देश सोडून गेली. बर्लिन, अमेरिका, शेवटी ॲमस्टरडॅम.

"चांगली लिहायची," शिंपीणबाई म्हणाल्या, "पण घरची लक्तरं बाहेर वेशीवर टांगली."

मी म्हटलं, बुशिचही लंडनला बसूनच लिहीत होता की!

त्यांनी ओठांत टाचण्या धरल्या होत्या, त्या एक एक करून बाहीला लावल्या. मग म्हणाल्या, "तो त्यांच्याविरुद्ध लिहीत होता. ही आमच्याविरुद्ध."

इतकं स्वच्छ उत्तर मला इथल्या कुठल्याही प्राध्यापकाकडून मिळालेलं नाही. आणि मला आठवलं आपलं यवतमाळ. २०१९ चं साहित्य संमेलन, उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावलं, आणि विरोध होताच निमंत्रण मागे घेतलं. दहा वर्षं आधी महाबळेश्वरला आनंद यादव निवडून आलेले अध्यक्ष असून तुकारामांवरच्या कादंबरीपायी पद सोडून बसले होते. परवानगी मागणारी आपली संस्कृती आहेच. पण मला आठवतं कराडही. १९७५, आणीबाणी चालू, अध्यक्षपदी दुर्गा भागवत, समोर यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष, आणि बाई व्यासपीठावरून जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगतात. पुढे तुरुंगात गेल्या. पण मुंबईला परत आल्या, एशियाटिकमध्ये आपल्या जागी बसू लागल्या, लिहीत राहिल्या. त्यांना ॲमस्टरडॅम लागलं नाही. उग्रेशिचच्या वाट्याला ते आलं, आणि क्रोएशियाचा राग मला इथेच येतो. साडेअडतीस लाखांच्या देशाला आपल्या एका विनोदी, चिडक्या, हुशार बाईसाठी खोली मोकळी ठेवता येऊ नये?

शिवाय बाहेर गेलेल्यांचं यांना वावडं आहे असंही नाही. शिंपीणबाईंचा भाऊ सत्तरच्या दशकात श्टुटगार्टला कारखान्यात गेला. दर ऑगस्टला मोठी गाडी घेऊन येतो आणि जेवणाच्या टेबलावर देश कसा चालवायचा ते सांगतो. न्यू जर्सीचा काका ज्यांच्या घरी येतो त्यांना जास्त सांगायला नको. फरक इतकाच, की या भावाला संसदेत आवाज आहे : १५१ पैकी तीन जागा परदेशातल्या नागरिकांसाठी राखीव. आपला काका मतदार यादीत नाव घालू शकतो, पण मत द्यायला विमानाने चिंचवडला यावं लागतं. उग्रेशिचलाही कागदोपत्री हे मत होतं. लिहिलेल्या मताची मात्र तेवढी गरज भासली नाही.

२०१३ नंतर इथले तरुण मोठ्या संख्येने आयर्लंडला गेले. त्यांच्या जागी आता नेपाळी आणि भारतीय पोरं सायकलवर जेवणाचे डबे पोचवतात. बसमध्ये मला कुणी ना कुणी विचारतंच, "काठमांडू?" हे एकेकाळी जर्मनीत यांच्या बापांना जसं विचारलं गेलं तसंच, हे मात्र कुणाच्या लक्षात येत नाही.

उग्रेशिचला २०१६ मध्ये अमेरिकेचा न्यूश्टाट पुरस्कार मिळाला. १७ मार्च २०२३ रोजी ती ॲमस्टरडॅममध्ये वारली. झाग्रेबच्या वृत्तपत्रांनी पानंच्या पानं मृत्युलेख छापले. त्यात ती 'आमची' होती.

तिची पुस्तकं इंग्रजीत मिळतात. 'म्युझियम ऑफ अनकंडिशनल सरेंडर'पासून सुरुवात करा. बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या रोलंड नावाच्या वॉलरसच्या पोटात काय काय निघालं, त्याच्या यादीने ते सुरू होतं. आणि एखाद्या मराठी प्रकाशकाने 'श्टेफित्सा' मनावर घेतली तर फार बरं होईल. शिवणाच्या खुणा समजावून द्यायला माझी शिंपीणबाई आनंदाने तयार आहे.